चैत्रातली न करायची कामं

मार्च उजाडला की माझ्या फोनला वाटतं, मी इंग्लंडमध्ये राहते. एरवी कुंड्यांचे व्हिडिओ बघते म्हणून युट्यूब मला 'स्प्रिंग चेकलिस्ट' दाखवायला लागतं. कडक झालेली माती मोकळी करा, टोमॅटोचं बी खिडकीत पेरा, गुलाब छाटा, हिरवळीची पहिली कापणी करा. व्हिडिओतल्या बाईंनी स्वेटर घातलेला असतो आणि अखेर ऊन आलं म्हणून त्या खूश असतात. त्याच दिवशी पुण्यात, चौथ्या मजल्यावरच्या माझ्या पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी ३५ अंश असतं. ऊन आल्याचा मला तरी काही आनंद झालेला नसतो.

त्यांचा वसंत थंडीनंतर येतो आणि वाढीचा हंगाम सुरू करतो. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरात गेलेला असतो, पुढचा जूनमध्ये येणार असतो आणि वसंत येतो तो या मधल्या कोरड्या काळाच्या अगदी तापलेल्या टोकाला. तरी काटेसावर फुलते, पांगारा फुलतो, पिंपळाला तांबूस पालवी येते, कडुलिंब मोहरतो. पानं गाळून पाण्याचा खर्च कमी करायचा, खोल गेलेल्या मुळांवर आणि साठवलेल्या अन्नावर फुलं आणायची, असा त्यांचा जुना हिशेब आहे.

कुंडीतल्या झाडाला हा हिशेब जमत नाही. त्याची मुळं बारा इंचांच्या भांड्यात वळसे घालून बसलेली असतात आणि प्लास्टिकची काळी कुंडी दुपारी हाताला चटका देते. म्हणून आपल्याकडची वसंतातली कामं पेरणीची कमी आणि बचावाची जास्त असतात. फेब्रुवारी संपायच्या आत कुंड्या बदलून घ्यायच्या, कारण नंतर मुळं दुखावली तर झाड उन्हात सावरत नाही. पिटुनिया, शेवंती अशी हिवाळी मंडळी संपत आली की त्यांचा नाद सोडायचा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, म्हणजे कडेच्या सोडून बाकीच्यांवर सावली पडते. मातीवर तीन-चार बोटं जाड सुकी पानं पसरायची. पाणी सकाळी लवकर घालायचं. खत मात्र एप्रिल-मेमध्ये आवरतं घ्यायचं. तहानलेल्या झाडाला जेवणाचा आग्रह कशाला?

माझ्याकडे २६ कुंड्या आहेत. आच्छादन नसताना त्यांना दिवसाला दीड बादली पाणी लागायचं, पानं पसरल्यावर एक बादली पुरते. आमच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर सुरू होतात, तेव्हा ही अर्धी बादली मोठी वाटते. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, एसीचं पाणीही चालतं. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी मात्र मी फरशी पुसायला वापरते. त्यात क्षार जास्त असतात, ते कुंडीत साचत जातात आणि पानांची टोकं करपतात.

सुकी पानं विकत घ्यावी लागत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या रस्त्यांवर ती ढिगांनी पडलेली असतात आणि पुष्कळ ठिकाणी सकाळी सकाळी पेटवलेली असतात. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ साली देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकरणात ५,००० रुपये दंड ठेवला. तरी धूर निघतोच. मी रविवारी दोन पोती भरून आणते. झाडणाऱ्या काकूंना पहिल्यांदा वाटलं, पोरीचं काही हरवलंय.

ही झाली करायची कामं. ती एका शनिवारी उरकतात. वेळ आणि डोकं खातात ती न करायची कामं.

पहिलं न करायचं काम म्हणजे जळमटं काढणं. निदान बाल्कनीच्या बाहेरच्या कोपऱ्यातली तरी. शिंजीर नावाचा बोटभर पक्षी तुम्ही पाहिला असेल, नाव माहीत नसेल तरी. नर विणीच्या काळात उन्हात निळा-जांभळा चमकतो, मादी वरून मातकट, खालून फिकट पिवळी. जास्वंदीच्या फुलात बाकदार चोच घालून मध पितात. यांचं लोंबतं घरटं मुख्यतः कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं असतं. मादी एकटीच बांधते. जाळ्याचे धागे चोचीत गोळा करून आणते, त्यात गवत, सालीचे कपटे, अळ्यांची विष्ठा अशी काहीबाही वस्तू चिकटवते. तयार घरटं वेलीला अडकलेल्या कचऱ्यासारखं दिसतं, आणि तीच त्याची सुरक्षा. कोळी नसेल तर सिमेंट नाही, सिमेंट नाही तर घर नाही.

दुसरं न करायचं काम म्हणजे फवारणी. पाडव्याला आई कराडहून आली, तेव्हा कढीपत्त्याची कुंडी बघून तिनं कपाळाला हात लावला. अर्धी पानं खाल्लेली. "अगं, ही घाण काय बसलीय पानावर?" ती घाण म्हणजे अळी होती. लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढणाऱ्या काही फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढून उग्र वास सोडतात. आईनं काडीनं डिवचून पाहिलं, वास आल्यावर मागं सरकली, मग पुन्हा डिवचलं. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखरू केलं, ते ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हेही याच कुळातलं. त्याच्याही अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. फलकावर फुलपाखराचा फोटो लावायचा आणि लिंबावर औषध मारायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र नाही जमत.

यावर माझा तोडगा साधा आहे. कढीपत्त्याच्या कुंड्या दोन. एक फोडणीची, एक अळ्यांची. फोडणीच्या कुंडीवर अळी दिसली की पानासकट उचलून दुसरीवर ठेवायची. "म्हणजे पैसे देऊन अळ्या पाळतेस," आई म्हणाली. पण जाताना तिनं विचारलं, त्या हिरव्या अळीचं पुढं काय होतं ते फोटो काढून पाठवशील का?

मावा आणि पिठ्या ढेकूण यांचं मात्र मला कौतुक नाही. मावा पाण्याच्या धारेनं झटकता येतो. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशनं खरवडता येतो. अगदीच वाढला तर कडुलिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, त्यात साबणाचे चार थेंब, तेही संध्याकाळी मधमाश्या घरी गेल्यावर आणि फक्त त्या फांदीवर. त्याआधी भिंग घेऊन एकदा बघायचं. पिठ्या ढेकूण खाणारा एक ढालकिडा आहे, त्याची अळी स्वतःच पांढऱ्या पिठात लोळल्यासारखी, जवळजवळ ढेकणासारखीच दिसते. घाईत आपण रोग्याबरोबर डॉक्टरही मारतो. गुलाबाच्या पानांच्या कडेला कंपासनं कापल्यासारखे अर्धगोल तुकडे गेलेले असतील, तर ते पान कापणाऱ्या माशीचं काम असतं. ही मधमाशीचीच एक एकांडी बहीण. ती पान खात नाही, तुकडे नेऊन एखाद्या पोकळ नळीत पिल्लांसाठी खोल्या बांधते. तिच्यासाठी औषध शोधायची गरजच नसते.

अळ्या, मावा, कोळी सहन करायचे ते फक्त फुलपाखरांसाठी नाही. शिंपी, बुलबुल, चिमणी, अगदी मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना किडे भरवतात. वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतात, ती मधातून येत नाहीत. दरवर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २०१० मध्ये तो सुरू झाला. त्या दिवशी माझ्या फोनवर लाकडी घरट्यांचे फोटो येतात. घरटं जरूर लावावं. पण चिमणी दाणे खाते ती मोठी झाल्यावर. आसपास कीडच उरली नसेल, तर ते घरटं म्हणजे स्वयंपाकघर नसलेला फ्लॅट.

दाणे टाकणं हे माझ्या यादीतलं तिसरं न करायचं काम. बाल्कनीत धान्य टाकलं की आठवड्याभरात कबुतरं येतात आणि बाकीचे निघून जातात. मी फक्त पाणी ठेवते. मातीची पसरट परळ, पाणी दोन इंचांहून खोल नाही, मध्ये एक दगड, म्हणजे माशीलाही बसून पिता येतं. परळ रोज रिकामी करून घासते. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूचा डास अंडी भांड्याच्या कडेला चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात.

हे सगळं आपापल्या बाल्कनीत, आपापल्या मर्जीनं चालतं. खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा न करायचं काम दुसऱ्याच्या हातात असतं.

यंदा मार्चच्या सुरुवातीला जुईच्या वेलीचं एक टोक ग्रिलच्या बाहेर लोंबत होतं, त्याला शिंजिराच्या मादीनं घरटं बांधलं. आठ-दहा दिवस लागले. कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा झाडू वर उचलून विचारलं, "हे काढू का ताई?" मी थांबवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "दार केलंय की त्याला." खरंच होतं. वरच्या बाजूला छोटं दार, त्यावर पागोळीसारखी झालर. मग मादी आत बसून राहायला लागली, दारातून नुसती चोच दिसायची.

त्याच आठवड्यात लिफ्टजवळ नोटीस लागली. इमारतीचं रंगकाम सुरू होणार, आधी प्रेशरनं भिंती धुणार, सगळ्यांनी कुंड्या आत घ्याव्यात, ग्रिलवरच्या वेली कापून टाकाव्यात. पहिली आमचीच विंग.

मी तारखांचा हिशेब मांडला. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी साधारण दोन. एप्रिलचा मध्य. सेक्रेटरी काकांकडे गेले. मी भाडेकरू, सभेत मला मत नाही, हे त्यांनी प्रेमानं आठवण करून दिलं. मग म्हणाले, "हे बघ, तुझं एक घरटं. उद्या कोणी कबुतराच्या घरट्यासाठी काम थांबवा म्हणालं तर?"

प्रश्न टाकाऊ नव्हता. कबुतरांमुळे फुप्फुसाचे आजार होतात हे खरं आहे, आणि २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा ते सगळ्यांनी वाचलंय. मला सुंदर पक्षी हवा आणि कबूतर नको, एवढंच माझं म्हणणं असेल तर ते फार काळ टिकणार नाही, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "काका, कबुतरांची संख्या आपणच दाणे टाकून वाढवतो, ते थांबवू. जाळी लावायची तर अंडी-पिल्लं नसताना लावू. घरट्यात कोणी बसलेलं असेल तर कुणाचंही असो, तीन-चार आठवडे तो भाग सोडू. रंग काय, महिन्यानंही लागेल." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं येतं, हेही मला माहीत होतं. ते मी काढलं नाही. कायदा काढला की बोलणं संपतं आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक वेल आधीच कापली जाते.

काकांनी विंगचा क्रम बदलला नाही. पण ठेकेदाराला फोन करून सांगितलं, त्या बाल्कनीची बाहेरची बाजू शेवटी घ्या.

एप्रिलच्या सुरुवातीला रंगारी झुल्यावरून खाली उतरत आमच्या मजल्यावर आला. वेलीच्या दोन्ही बाजूंना हात-दोन हात अंतर सोडून त्यानं रंग मारला. "दीदी, बीच का पट्टा छोड़ दिया है," म्हणाला. मादी समोरच्या वायरीवर बसून चिडचिड करत होती. झुला खाली गेल्यावर दहा मिनिटांत परत आली. त्यानंतर आमच्या विंगवर राखाडी रंगाच्या मध्ये जुन्या पिवळ्या रंगाचा एक उभा पट्टा दिसायचा, खालून बघितलं तर एखादी चूक राहून गेल्यासारखा. पार्किंगमध्ये लोक वर बघून विचारायचे. चौथ्या मजल्यावर काय आहे ते त्यामुळेच अर्ध्या सोसायटीला कळलं. लहान मुलं दुर्बीण मागायला आली.

पिल्लं निघाली. नरही आता किडे घेऊन यायला लागला. दारात दोन नारिंगी चोची उघडायच्या.

दुसऱ्या शनिवारी सकाळी घरटं खालून फाटलेलं होतं आणि रिकामं होतं. समोरच्या गुलमोहरावर कावळ्याचं घरटं आहे, तो आदल्या दिवशी दोनदा ग्रिलवर येऊन गेला होता. मी त्याला पाहिलं नाही, पण अंदाज करायला फार बुद्धी लागत नव्हती. मादी दिवसभर तोंडात कीड घेऊन यायची, वेलीभोवती फिरायची, जायची. मी त्या दिवशी लॅपटॉप बेडरूममध्ये नेला.

सोमवारी काका लिफ्टमध्ये भेटले. "काय, उडाली का पिल्लं?" मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि खरोखर वाईट वाटून म्हणाले, "मग काय उपयोग झाला गं एवढ्याचा?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. दुपारी रंगारी पट्टा भरायला आला. त्यालाही सांगितलं. "कौवा ले गया? हमारे गाँव में भी ले जाता है," तो म्हणाला आणि ब्रश बुडवला. फिर बनाएगी, असंही म्हणाला.

त्याच्या बोलण्यात उत्तर होतं असं मला वाटतं. कावळा हा शिंजिरासाठी नवा धोका नाही. दोन अंडी घालायची, गेली तर पुन्हा बांधायचं, हे तिच्या जातीनं कावळ्यांना धरूनच बसवलेलं गणित आहे. कावळ्यालाही त्याच महिन्यात पिल्लं असतात. त्या पिल्लांत एखादं कोकिळेचंही असतं, कारण कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. म्हणजे एप्रिलमध्ये पहाटे जो 'कुहू' ऐकून आपण वसंत आला म्हणून स्टेटस ठेवतो, तो गाणारा नर कदाचित अशाच कुणाच्या तरी पिल्लांवर वाढलेला असतो. हे चक्र मला थांबवायचं नाही आणि थांबवता येणारही नाही. पण प्रेशरचा पाइप, फवारा, वेल कापणारी कात्री हे या गणितात कधी नव्हतेच. हे आपण वरून टाकलेले धोके आहेत आणि त्यांच्यावर तिच्याकडे उपाय नाही. बागेतल्या जिवांची काळजी घेणं म्हणजे त्यांना जगवण्याची हमी देणं, असं मी आता मानत नाही. आपण टाकलेली भर काढून घ्यायची, एवढंच आपल्या हातात आहे.

मे महिन्यात ती मादी, किंवा तिच्यासारखीच दुसरी, पुन्हा कोपऱ्यातल्या जाळ्यातून धागे ओढताना दिसली. यावेळी घरटं कुठे बांधलं ते मला सापडलं नाही. ते बरंच झालं.

आता नोटीस बोर्डवर नवा कागद आहे: पावसाळ्यापूर्वी आवारातल्या झाडांची छाटणी. धोकादायक फांद्या उतरवायलाच हव्यात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ चा झाडांचा कायदा आहे, महापालिकेची परवानगी घ्यावी लागते, ती सोसायटीनं घेतलीही आहे. पण एप्रिल-मे म्हणजे नेमका घरट्यांचा हंगाम. ब्रिटनमध्ये पक्षिप्रेमी संस्था मार्च ते ऑगस्ट कुंपणाची झुडपं छाटू नका म्हणून सांगतात. आपल्याकडे हेच काम डिसेंबर-जानेवारीत करता येईल. तेव्हा घरटी कमी असतात आणि पावसाला भरपूर अवकाश असतो. यंदा गुलमोहराच्या फक्त मोडकळलेल्या दोन फांद्या उतरवायचं काकांनी कबूल केलंय. कावळ्याचं घरटं त्याच्या वरच्या बेचक्यात आहे.

मी फोनमध्ये १ डिसेंबरचा रिमाइंडर लावलाय: छाटणीचा अर्ज, काकांना भेटणे. सभेत मत नसलं तरी अर्ज भाडेकरूलाही देता येतो.